बंद ट्रॅक्टरचा हलता काटा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली. आणि आधीच सांगतो, हिच्यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही, पांढरी साडी तर नाहीच नाही. रविवार होता. दुपारचे पावणेतीन वाजले होते. जागा म्हणजे माझ्या मोठ्या मावशीच्या घरामागची ट्रॅक्टरची पत्र्याची शेड. शेड आणि घराची मागची खोली यांच्यात एकच भिंत, आणि त्या भिंतीत एक खिडकी.

मामा गाड्यांचं वायरिंग करतो. तीस वर्षं झाली. त्याला सगळे 'मीटर' म्हणतात, कारण मीटर लावून बघितल्याशिवाय तो कशावरच विश्वास ठेवत नाही. त्याच्या लग्नात आजी म्हणाली होती, "मुलीला तरी मीटर लावू नकोस बाबा." कोणी भुताखेताचं नाव काढलं की तो विचारायचा, "किती व्होल्टचं?"

हल्ली विचारत नाही.

तर झालं असं. मावशीचे सासरे वारून वीस दिवस झाले होते. म्हातारा गेला तोही ट्रॅक्टरच्या सीटवर. इंजिन चालूच होतं. ट्रॅक्टर मामापेक्षाही वयाने मोठा. अल्टरनेटर वगैरे भानगड नाही, बॅटरी चार्ज करायला जुना डायनॅमो. म्हातारा रोज पहाटे, डावा पाय मुडपून मांडीखाली घेऊन, तो दहा मिनिटं नुसता उभ्या जागी चालवायचा. अंगात ताप असला तरी. आणि मुलाला कधी हात लावू दिला नाही. मुलगा म्हणजे मावशीचे यजमान, मामाचे भावोजी. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण बापासमोर स्टिअरिंग धरायची सोय नव्हती.

आता ट्रॅक्टर भावोजींचा झाला, आणि रोज सकाळी बॅटरी उतरलेली.

नवी आणली. तीही एका रात्रीत उतरली.

मावशीने फोन केला. "मीटर, येऊन बघून जा रे. आणि तुझ्या भावोजींनाही बघ. दिवसभर झोपून असतात. अंगात त्राण म्हणून नाही."

"वडील गेलेत ताई, व्हायचंच तसं. ट्रॅक्टरचं मी बघतो," मामा म्हणाला.

रविवारी तो पोचला तेव्हा भावोजी मागच्या खोलीत घोरत पडले होते. मामा सरळ शेडमध्ये गेला. चार्ज केलेली बॅटरी बसवली, इंजिन चालू केलं. समोरच्या डायलमधला चार्जिंगचा काटा झटकन उजवीकडे गेला. म्हणजे डायनॅमो ठणठणीत.

इंजिन बंद केलं. आता काटा मधोमध यायला हवा.

आला नाही...

मधली खूण ओलांडून डावीकडे गेला. म्हणजे बंद ट्रॅक्टरमधून कोणीतरी करंट ओढत होतं.

"सापडलास," मामा म्हणाला. त्याला वाटलं, कट-आउट चिकटला. इंजिन थांबलं की बॅटरीला डायनॅमोपासून तोडायचं काम कट-आउटचं. तो चिकटला की बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी होते. त्याने झाकण काढलं.

कट-आउटचे पॉइंट सुटे होते. स्वच्छ होते.

मग त्याने एकेक वायर सोडवायला घेतली. दिव्यांची सोडली. हॉर्नची सोडली. डायनॅमोची, सेल्फची. शेवटी बॅटरीच्या दोनच वायरी उरल्या. एक काट्याकडे, एक बॉडीला. पुढे काहीच नाही. करंटला जायला वाटच नव्हती.

काटा तरी हलत होता.

डावीकडे... थांबला... मधे. पुन्हा डावीकडे... थांबला... मधे.

मामाने काचेवर टिचकी मारली. स्वतःचा मीटर लावला. तोही तेच दाखवत होता.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, शेडमध्ये आवाज एकच आहे. खिडकीतून येणारं भावोजींचं घोरणं.

श्वास आत... काटा डावीकडे.

श्वास बाहेर... काटा मधे.

भावोजींना ठसका लागला. काटा दोनदा उडाला.

मामाने पाना घेतला आणि बॉडीला लावलेली अर्थची वायर काढली.

घोरणं थांबलं...

एक. दोन. तीन. चार.

त्याने वायर परत टेकवली. घोरणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

दुसरा कोणी असता तर तिथेच हात जोडून बाहेर पडला असता. पण मामाच्या धंद्याचा एक नियम आहे. एकदा घेतलेलं रीडिंग हे रीडिंग नसतं. दोनदा जुळलं तरच खरं. तीस वर्षांची सवय ती, हातात भिनलेली. आणि तिनेच त्याचा घात केला.

त्याने वायर दुसऱ्यांदा काढली.

शांतता...

"मीटर," खिडकीतून मावशीचा आवाज आला. अगदी हळू. "अरे, हे श्वास घेत नाहीयेत."

मामा धावला. वायर तशीच लोंबकळत राहिली. शेडला वळसा घालून मागच्या दाराने खोलीत गेला. भावोजींचे ओठ निळे पडले होते. त्याने छाती दाबली, हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं. मावशी तळवे चोळत होती. काही उपयोग नाही.

मग त्याला वायर आठवली.

तो परत धावत शेडमध्ये आला. बोल्ट लवकर बसेना. शेवटी त्याने वायर नुसती बॉडीवर दाबून धरली. मधे दीड मिनिट गेलं होतं, असं तो म्हणतो. जास्तही असेल.

त्याच वेळी त्याच्या डोक्यावर, ट्रॅक्टरच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली...

माणूस उतरल्यावर कुरकुरते तशी.

मामाने मान वर केली नाही. वायरवरचा हातही काढला नाही.

खोलीतून खोकल्याचा आवाज आला. लांबलचक, घशाशी घरघरणारा, शेवटी दोनदा खाकरून संपणारा. भावोजी असे कधी खोकत नसत.

पण श्वास सुरू झाला होता. मामाने वायरचा बोल्ट आवळला, शेडमध्येच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मग त्याने बाकीच्या वायरी परत जोडल्या. संध्याकाळी भावोजी उठले. पोटभर जेवले. दुसऱ्या दिवसापासून पहाटे स्वतः ट्रॅक्टर चालू करायला लागले. दहा मिनिटं. बॅटरी त्यानंतर एकदाही उतरली नाही. नातेवाईक म्हणाले, बरं झालं, अंगावर जबाबदारी पडली की माणूस उभा राहतो.

महिन्याने मामा पुन्हा गेला. भावोजी सीटवर बसले होते. डावा पाय मुडपून मांडीखाली घेतलेला. त्यांनी मामाकडे बघितलं, पण ओळख दाखवली नाही.

मामा स्वयंपाकघरात गेला आणि मावशीला सगळं सांगितलं. काटा, खिडकी, वायर, ते दीड मिनिट. म्हणाला, "ताई, माझ्या हातून काहीतरी झालंय. ती वायर काढून बघू का पुन्हा? कदाचित भावोजी..."

मावशी धान्य निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"महिनाभर हे मला नावाने हाक मारत नाहीत," ती म्हणाली. "सूनबाई म्हणतात."

त्या घरात तिला सूनबाई म्हणणारा एकच माणूस होता.

मामाच्या हातात पाना होता. मावशी उठली, तिने तो काढून घेतला आणि फडताळात ठेवून दिला.

"शरीर तरी ह्यांचंच आहे ना," ती म्हणाली. "तेवढं राहू दे."

याला आता दोन वर्षं झाली. भावोजी त्या दीड मिनिटात कुठे गेले, वायर काढली तर परत येतील की होतं तेही जाईल, हे मामाला कळत नाही. विचारणार कोणाला? मी त्या घरी जायचं टाळतो. मामाला टाळता येत नाही. डायनॅमोचे कार्बन ब्रश झिजतात, ते बघायला दर तीन महिन्यांनी जावंच लागतं. जाताना तो दुसरी बॅटरी नेतो आणि आधी जोडून घेतो, म्हणजे करंट क्षणभरही तुटायला नको. काम झालं की अर्थच्या वायरचा बोल्ट तपासतो. घट्ट असतो. तरी पुन्हा एकदा आवळतो.