टाकीतला घोट

बसा. लाइट यायला वेळ आहे, तोवर हा बॅटरीचा दिवा पुरेल. तुम्ही सौमित्रच्या गाडीचं विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर आमच्या घरात हा विषय कोणी काढत नाही.

माझं गॅरेज इथे रायपुरातच, तेलीबांधा तलावाच्या मागे. सौमित्र हा माझ्या धाकट्या बहिणीचा, गोदूचा, एकुलता एक मुलगा. त्याचे वडील गेल्यापासून मायलेक माझ्याकडेच राहतात. पोराला वेगाचं भारी वेड. एक जुनी टर्बो गाडी त्याने कुठून तरी मिळवली आणि तिची ताकद वाढवून द्या म्हणून माझं डोकं खाल्लं. खोटं कशाला बोलू, हौस मलाही होती. पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर घातले, टाकीत जास्त जोराचा पंप बसवला. ताकद वाढली की इंजिनाला पेट्रोलही तेवढंच जास्त लागतं. ऐनवेळी ते कमी पडलं तर आत पिस्टन वितळतो, इंजिन जाम होतं, आणि भर वेगात असं झालं तर गाडीतला माणूस वाचेल याची खात्री नाही.

गोदूने मला बजावून ठेवलं होतं, "दादा, मले एकच पोट्टा आहे. तू हो म्हणशील तवाच त्याले गाडी दे."

त्या दिवशी काम तसं साधंच होतं. नव्या रायपूरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून पेट्रोलचं प्रेशर बघायचं. मे महिन्याची दुपार. त्या रुंद रस्त्यांवर अशा वेळी चिटपाखरू नसतं. नुसतं ऊन आणि डांबराचा वास. प्रेशरचं घड्याळ मी लांब पाइप लावून बॉनेटबाहेर काढलं आणि वायपरखाली काचेवर दाबून ठेवलं, म्हणजे चालवता चालवता काटा दिसतो.

काटा झकास वर चढत होता. एका वळणापुढे मात्र तो एकदम कोसळला. गाडीने आचका दिला. सौमित्रने पाय काढला.

"मामा, प्रेशर गिर गया." पोराला मराठी सगळी कळते, पण तोंड हिंदीतच उघडतं.

फिल्टर नवा होता. पंपाची वायर तपासली, रिले बदलला. टाकीत हवा कोंडत असेल म्हणून झाकण सैल करून पाहिलं. इतर कुठेही पळवा, काटा खाली येत नव्हता. त्या वळणापुढे आलो की कोसळायचा. उलट्या दिशेने येऊन पाहिलं, तरी तिथेच. रस्ता सपाट, ना चढ ना खड्डा. मी वैतागलो. यंत्राला जागा कळत नाही, असं मी आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आलोय.

मग मी माझी जुनी पद्धत काढली. पंप मागच्या सीटखाली असतो. सीट उचलून काढली, लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, पंपाच्या झाकणावर टेकवला आणि त्याची मूठ कानाला लावली. डॉक्टरच्या नळीसारखं सगळं आतलं ऐकू येतं.

"चाल. हळूहळू वाढव," मी म्हणालो.

पंपाची घूंऽऽ अशी संथ घरघर येत होती. वळण आलं. पंप हवा ओढायला लागला तर किरकिरतो, तो आवाज मी झोपेतही ओळखीन. हा तो नव्हता. घरघरीच्या खाली, अगदी झाकणाला लागून, कोणीतरी पीत होतं. गट... गट... मध्ये थांबून श्वास घ्यायचा, आणि पुन्हा गट... गट. खूप दिवसांच्या तहानेल्या माणसासारखं. माझ्या हातातला पेचकस कोणीतरी आतून हलकेच खाली ओढला.

मी ओरडलो. गाडी थांबली.

"क्या हुआ मामा?"

"काही नाही... काही नाही बे. गाडी बंद कर."

मी दार उघडून बाहेर पडलो. रस्त्याकडेला बुजवलेल्या विहिरीचा काठ होता. इथे पूर्वी एक गाव होतं, ते दुसरीकडे हलवलं. काठावर मातीची एक लहान घागर ठेवलेली होती. सौमित्र तिच्याकडे टक लावून बघत होता.

"ये मटका... अभी तक यहीं है."

"तुले काहून माहीत?"

"पंप बदला था ना, मामा. टंकी का गंदा पेट्रोल डिब्बे में था, गाड़ी में बहुत बास मार रहा था. इतनी गर्मी में जमीन पर कैसे फेंकता? तो... इसमें डाल दिया."

"कवा?"

"अक्ती के दिन. आपसे पूछे बिना गाड़ी लाया था."

इकडे अक्षय तृतीयेला अक्ती म्हणतात. आपल्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, उन्हाळ्यात त्यांना पाणी मिळावं म्हणून. गोदू दरवर्षी भरते, आणि हे रत्न तोवर अंथरुणात लोळत असतं. त्याला काय कळणार? हलवलेल्या गावातलं कोणीतरी आपल्या माणसांसाठी इथवर पाणी घेऊन आलं असेल.

मी विचारलं, "सौमित्र... घागरीत पाणी होतं का नाही?"

"था थोड़ा. वो मैंने गिरा दिया."

मी घागर उचलली. आत थेंबही नव्हता, कड मात्र ओली होती, जणू आत्ताच कोणी ओठ लावले होते. गाडीतल्या बाटल्यांमधल्या पाण्याने ती दोनदा विसळली, भरली आणि काठावर नीट बसवली. हात जोडले. म्हणालो, "लेकरू आहे. चुकलं त्याचं. माफ करा." सौमित्र माझ्या मागे उभा होता. त्यानेही हात जोडले.

गाडीपर्यंत पोहोचलो तोच मागे आवाज झाला. घागर आडवी झाली होती. पाणी मातीवरून वाहून चाललं होतं. वारा नव्हता, कुत्रं-मांजर नव्हतं, आणि ती मी घट्ट बसवली होती हे मी शपथेवर सांगतो.

पळालो तिथून. वळण ओलांडताना जीव मुठीत धरून मी पेचकस पुन्हा कानाला लावला. पंपाची नुसती घरघर. काटा ताठ. टाकीत कोणी नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी हसत सुटलो. सौमित्र हसला नाही. घरापर्यंत तो नुसता ओठांवरून जीभ फिरवत होता. त्याला घरी सोडून मी गॅरेजवर गेलो.

दिवेलागणीला गोदूचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"दादा... हा पाणी पिऊन नाही राहिला. ओठ फुटले त्याचे. ग्लास दिला तर फेकून देला. म्हणते, हे नाही..."

"आता कुठी आहे तो?"

"अंगणात... माह्या स्कूटीपाशी. दादा, त्यानं स्कूटी आडवी पाडली. झाकण काढून तोंड लावून... दादा, तू ये नं लवकर!"

मी गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून शांत बसला होता, तोंड पुसत. स्कूटीची टाकी सकाळीच भरलेली होती. आता ठणठणीत कोरडी, आणि जमिनीवर एक डागही नाही. आम्ही त्याला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट तपासलं, रक्त तपासलं, तोंडाचा वास घेतला. पेट्रोल मिळालं नाही, एक थेंबसुद्धा नाही. आम्हीच घाबरून काहीतरी बघितलं असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

आता बरा आहे. खातो-पितो, पाणीही पितो. गोदू त्याच्या खोलीबाहेर अंथरूण टाकते आणि कडी बाहेरून लावते. गाडी मी विकली. स्कूटी गॅरेजवर असते. घरात पेट्रोलवर चालणारं दुसरं काही ठेवत नाही.

जरा थांबा. कडीचा आवाज आला का तुम्हाला? गोदू... ए गोदू, जागी आहेस का?

तुम्ही इथवर कशाने आलात? बाइकने? कुठे लावलीत... अंगणात?