लांबची फेरी

सिग्नल पिवळा झाला तेव्हा तिला वाटलं, निघून जाऊ. तेवढ्यात लाल झाला आणि तिने ब्रेकवर पाय दिला... नेहमीसारखा, सगळा जोर लावून. डायलिसिसच्या पेशंटची ने-आण करणारी ती व्हॅन थरथरत जागीच उभी राहिली आणि मागच्या सीटवर एक म्हातारी ओकली.

तिने आरशात पाहिलं. म्हातारीचं डोकं एका माणसाच्या खांद्यावर टेकलेलं होतं आणि त्याचा शर्ट पार भिजला होता. या काकूंबरोबर एरवी शेजारीण यायची. ती आता लेकीकडे राहायला गेली होती, म्हणून आज पहिल्यांदाच मुलगा आला होता. तो चिडला नाही. रुमालाने आधी आईचं तोंड पुसलं, मग स्वतःचा शर्ट.

"सिग्नल लाल होणार हे... लांबून दिसत होतं," तो हळूच म्हणाला.

"गाडी चालवता का तुम्ही?"

"नाही. येत नाही मला."

"मग?"

"मग काही नाही," तो म्हणाला आणि शेजारची काच खाली करू लागला.

दिवसभर ते 'मग काही नाही' तिच्या डोक्यातून जाईना. पेशंट तिला 'विमान' म्हणत. तिला ते कौतुक वाटायचं. मशीनची वेळ चुकली की पेशंटचं डायलिसिस तेवढं कमी होतं, म्हणून ती जीव तोडून गाडी हाणायची. त्या वेगाने मागे बसलेल्यांचं काय होत असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ट्रस्टच्या सेक्रेटरीबाईंनी तिला बोलावून घेतलं. व्हॅनचं डिझेल हाताबाहेर चाललंय, असंच राहिलं तर टेकडीपलीकडची लांबची फेरी बंद करावी लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या फेरीत मोजकेच पेशंट होते आणि सगळ्यात शेवटचं घर त्या काकूंचं होतं. फेरी गेली की तिचं कामही जाणार होतं.

ती गाडी घेऊन थेट गॅरेजात गेली. तिथल्या मेकॅनिकला ती मामा म्हणायची. मामांनी बॉनेट उघडलं, सगळं तपासलं आणि हात पुसत म्हणाले, इंजिन ठणठणीत आहे, डिझेल तुझा उजवा पाय पितोय. मग त्यांनी तिला शेजारी बसवून एक चक्कर मारली. पुढचा सिग्नल लाल दिसला की तिथपर्यंत जोर कशाला द्यायचा? ॲक्सिलरेटरवरून पाय आधीच काढायचा, गाडी गिअरमध्येच आपोआप मंदावू द्यायची. सुटताना उसळी मारायची नाही. वेग एकसारखा ठेवायचा. टायरमधली हवा बघायची. टपावरचा तो रिकामा कॅरिअर कशासाठी वाहतेस, उतरव तो. आणि हॉस्पिटलच्या दारात पेशंट चढेपर्यंत इंजिन चालू ठेवतेस ना, ते बंद.

"लोक उकडून निघतील, मामा."

"मग सावलीत लावत जा की," मामा म्हणाले.

पहिले काही दिवस तिला फार जड गेले. दुचाकीवाले शेजारून सुळकन निघून जायचे आणि तिचा पाय शिवशिवायचा. वेळेत पोहोचायचं म्हणून आता ती घरातूनच लवकर निघू लागली. हळूहळू रस्ताच वेगळा दिसायला लागला. समोरच्या गाडीच्या मागच्या दिव्यापुरती असलेली तिची नजर आता पुढच्या चौकापर्यंत जायला लागली. कोण वळणार, कोण थांबणार, हे आधीच कळायचं.

एका दुपारी परतीच्या वाटेवर काकूंचा मुलगा पुढे वाकून कुजबुजला, "आई झोपलीय."

तिने आरशात पाहिलं. काकूंचं तोंड किंचित उघडं होतं आणि श्वास संथ चालला होता.

"इतक्या महिन्यांत अशी शांत पहिल्यांदाच," तो म्हणाला. "थँक्यू."

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, की हे डिझेलसाठी चाललंय. तिने तोंड उघडलंही... पण तो आरशातून तिच्याकडे इतकं स्वच्छ हसला, की तिने नुसती मान हलवली.

त्याचं काच कापून बसवायचं छोटं दुकान होतं. आईला न्यायचं त्या दिवशी तो ते दुपारनंतर उघडायचा. त्याच्या बोटांवर बारीक बारीक चिरांच्या खुणा होत्या. एकदा तो रबराची पट्टी घेऊन आला आणि पेशंट आत असताना व्हॅनच्या खडखडणाऱ्या काचेभोवती नीट बसवत राहिला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"आवाजाने झोप मोडते."

"काकूंची?"

"आईची..." तो पट्टी दाबत राहिला. "आणि मी मागून काही बोललो तर तुम्हाला ऐकूही येत नाही."

"काय बोलता एवढं?"

"ऐकू येत नाही म्हणूनच बोलतो," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

डिझेल कमी लागू लागलं, पण पुरेसं कमी होईना. लांबच्या काकूंना आधी सोडून मागे फिरायचं, त्यामुळे फेरीत एकाच रस्त्याने दोनदा जावं लागायचं. ती रात्री नकाशा घेऊन बसली आणि तिला वाट सापडली. टेकडीला वळसा घालत गेलं तर एकही रस्ता दुसऱ्यांदा लागत नव्हता. पण मग काकू सकाळी सगळ्यांच्या आधी बसणार आणि सगळ्यांच्या शेवटी उतरणार. डायलिसिसनंतर ज्या बाईला मान धरवत नाही, तिलाच सर्वांत जास्त वेळ गाडीत बसवायचं. फेरी टिकवायची तर दुसरा उपाय नव्हता, आणि हे त्याच्याशी बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं.

ती त्यांच्या घरी गेली. दोन खोल्या, खिडकीशी पलंग, कोपऱ्यात कागदात गुंडाळलेल्या काचा. तिने नवी वाट समजावली; आपण गाडी हळू का चालवतो, ते मात्र सांगितलं नाही. तो म्हणाला, आईला हे झेपणार नाही.

"मला विचार ना," काकू पलंगावरून म्हणाल्या. "इथे पडून भिंतच बघायची ना? त्यापेक्षा रस्ता बघेन. आणि या पोरीची गाडी आता पाळण्यासारखी चालते." मग मुलाकडे न बघताच म्हणाल्या, "मी मागच्या सीटवर आडवी होईन. तू पुढे बस."

तसा तो पुढे बसू लागला. बाकीचे पेशंट उतरले की टेकडीचा लांब उतार लागायचा. ती पाय काढून घ्यायची आणि गाडी आपल्याच वजनाने हलकेच खाली यायची. इंजिनाचा आवाज मंद व्हायचा, पावसाची भुरभुर असली तर तीही ऐकू यायची. त्या उतारावर त्यांच्या 'तुम्ही'चं 'तू' झालं. कोण आधी म्हणालं, ते दोघांनाही आठवत नाही. मागे काकू डोळे मिटून पडलेल्या असायच्या. त्या झोपलेल्या नसतात, असा तिला दाट संशय होता.

पण काकूंचं शरीर थकत चाललं होतं. एका दुपारी त्यांना श्वास लागला, घाम फुटला. परत हॉस्पिटलला जाऊ, तो म्हणाला. काकूंनी हात हलवून नको म्हटलं. घराच्या दारात पोहोचेपर्यंत त्यांचा नुकता डोळा लागला होता. तिने त्यांना उठवलं नाही. थंड हवा सुरू राहावी म्हणून इंजिन चालू ठेवलं आणि ती तशीच बसून राहिली. तो मागे जाऊन आईचे पाय मांडीवर घेऊन बसला. ऊन उतरलं तरी कुणी जागचं हललं नाही.

पुढच्या खेपेला काकू हॉस्पिटलमधून परत आल्या नाहीत.

लांबची फेरी चालू राहणार, असं सेक्रेटरीबाईंनी कळवलं, शाबासकीही दिली. तिला काहीच वाटलं नाही. ती त्याच्या घरी जाऊन आली होती. पण खोली माणसांनी भरलेली होती आणि तो तिच्याकडे बघून नुसता उभा राहिला होता. त्यानंतर तो दिसला नाही. गाडी उताराला लागली की शेजारच्या रिकाम्या सीटकडे तिला बघवत नसे.

मग एका सकाळी पेशंटना आत सोडून ती झाडाखाली लावलेल्या गाडीत बसली होती, तर तो फाटकातून चालत आला.

"कुणाला आणलंस?" तिने घाबरून विचारलं.

"कुणालाच नाही. जाग आली... आवरलं... आणि निघालो. बसमध्ये बसल्यावर कळलं, कुठे चाललोय ते."

तिने पुढचं दार उघडलं. तो बसला. तिला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही.

"मला एक सांगायचंय. मी गाडी हळू चालवायला लागले, ते काकूंसाठी नव्हतं. डिझेल वाचवायचं होतं. फेरी बंद होणार होती, माझं काम जाणार होतं. तू थँक्यू म्हणालास आणि मी ते... ठेवून घेतलं."

"माहीत आहे."

"कसं?"

"हॉस्पिटलात नोटीस लावली होती, डिझेल परवडत नाही म्हणून फेरी बंद होईल अशी. मी तेव्हाच वाचली."

"मग बोलला का नाहीस?"

"आमच्या दारात त्या दिवशी तू अख्खी दुपार इंजिन चालू ठेवलंस. आईला उठवायला नको म्हणून. तेव्हा आठवलं होतं तुला डिझेल?"

तिचे डोळे भरून आले म्हणून तिने मान खिडकीकडे वळवली.

"मी अजून दोघांचा चहा टाकतो," तो म्हणाला. "सवयीने. एक कप तसाच राहतो."

"आजचा ओतून टाकू नकोस," ती खिडकीकडे बघतच म्हणाली. "फेरी संपली की मी येते."

"आज?"

"रोज... तुला चालणार असेल तर."

त्याने आपला चिरांनी भरलेला हात तिच्या हातावर ठेवला आणि तो तसाच राहू दिला. पेशंट बाहेर यायला अजून पुष्कळ वेळ होता. दोघांनाही कसलीच घाई नव्हती.