तेराव्याचं नाव

त्या दिवशी हेलिकॉप्टर डोंगरावरून एक माणूस जास्त घेऊन उतरलं.

आता हे वाक्य विसरा. असं काही घडलेलंच नाही. बारा जण वर गेले, बारा जण खाली आले, सगळे धडधाकट. सहल नेणाऱ्या कंपनीच्या अहवालात तसं लिहिलंय, खाली शिक्काही आहे. जरा तिरका बसलाय, पण आहे.

तरीही ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर गुदरली तो इशेन आमच्याच गल्लीत राहतो. खोटं रचायला लागते तेवढी अक्कल त्याला नाही, असं त्याची सख्खी आई सांगते.

तारीख एकोणीस फेब्रुवारी. जागा आमच्या काराकोल शहराच्या वर, कोक-बेलची खिंड. वेळ भरदुपारची, लख्ख उन्हाची. रात्र असती तर नीट दिसलं नाही असं तरी म्हणता आलं असतं. तीही सोय नव्हती.

इशेन हा शेपटीचा गाईड. हेलिकॉप्टर पाहुण्यांना शिखरावर सोडतं. पुढचा गाईड वाट काढत स्कीवरून खाली निघतो, पाहुणे त्याच्या मागे मजा करत सुटतात. शेपटीचा गाईड सगळ्यांच्या मागून पडलेली माणसं आणि हरवलेले हातमोजे गोळा करत येतो. खाली हेलिकॉप्टर उभंच असतं. ते पुन्हा वर नेतं, आणि तोच खेळ पुन्हा. शेपटीच्या गाईडला फक्त मोजता आलं पाहिजे.

पण त्या दिवशी इशेनचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी नुरिलाचे दिवस भरले होते.

त्यांचं पहिलं मूल नऊ दिवसांचं होऊन गेलं. त्याचं नाव अर्स्तान ठेवलं होतं. अर्स्तान म्हणजे सिंह. या खेपेला इशेनच्या आईनं, अपानं, निकाल देऊन टाकला होता. भारदस्त नाव नको. मुलगा झाला तर तुर्सुन. राहू दे, टिकू दे, एवढंच मागणारं नाव. ज्या घरात मुलं टिकत नाहीत तिथे आमच्याकडे हेच ठेवतात. आणि बाळाच्या कानात सांगेपर्यंत ते चौथ्या माणसापुढे काढायचं नाही. इशेन, नुरिला आणि अपा, एवढ्या तिघांनाच ते ठाऊक होतं.

इशेननं सुट्टी मागितली होती. पुढे वाट काढणारा मोठा गाईड बाकास-आके, म्हणजे बाकासदादा, मिशी न हलवता म्हणाला होता, "बाळंतपण तू करणार आहेस का? मग शेपूट धर. दोन वाजता मोकळा."

पाहुणे दहा. दहाही ऑस्ट्रियाचे, दहाही दातांचे डॉक्टर. एकत्र सुट्टीवर आले होते आणि एकमेकांकडे बघून मोकळेपणी हसत नव्हते.

बर्फात कोणी गाडला गेला तर सापडावा म्हणून प्रत्येकाच्या छातीला एक यंत्र बांधलेलं असतं. सकाळी इशेन आपलं यंत्र हातात घेऊन उभा राहिला. एकेक जण समोरून गेला. टूं… टूं… टूं… अकरा वेळा वाजलं. दहा दंतवैद्य, एक बाकास-आके. बारावा तो स्वतः.

हिशोब चोख होता. तो शेवटचा चोख हिशोब.

पहिली उतरंड झकास झाली. इशेन सगळ्यांच्या मागून, उजव्या कडेनं खाली आला. थांबला. वळून वर बघितलं.

कोऱ्या बर्फावर स्कीच्या रेघा उमटल्या होत्या. सवयीनं त्यानं मोजल्या.

तेरा.

पुन्हा मोजल्या. तेरा.

सगळ्यात उजवीकडची रेघ त्याची असायला हवी होती. पण तिच्याही उजवीकडे एक होती… आणि तिनं इशेनची रेघ दोन ठिकाणी छेदली होती. वरून छेदली होती. म्हणजे ती त्याच्यानंतरची होती.

त्याच्यानंतर कोणीच नव्हतं. शेपटीला शेपूट नसते.

ती रेघ कुठे संपते ते बघायला त्यानं मान खाली घातली.

ती त्याच्या मागे येऊन थांबली होती. हातभर अंतरावर.

इशेन किंचाळला वगैरे नाही. त्याला वैताग आला. आजच? वर्षात इतके दिवस पडलेत, आणि आजच?

त्यानं बाकास-आकेला सांगितलं. आकेनं वर बघितलंही नाही. म्हणाला, तू स्वतःला दोनदा मोजलंस. बाप होणारी माणसं तशीही स्वतःला जरा जास्तच मोजतात.

जेवायच्या वेळी मांस भरलेले सामसे वाटले. स्वयंपाकिणीनं माणशी एक, असे बारा बांधून दिले होते. इशेनची पाळी आली तेव्हा पिशवी रिकामी… नुसता कांद्याचा वास. कोणी दोन घेतले का, असं त्यानं जमेल तितक्या नम्रपणे विचारलं. दंतवैद्यांना राग आला. प्रत्येकानं आपला एकेक सामसा वर धरून दाखवला.

अकराच हात वर होते. तेही त्यानं दोनदा मोजलं.

बारावा कोणी खाल्ला ते कळलं नाही. इशेन उपाशी राहिला. तो म्हणतो, भुताची भीती समजू शकते हो, पण ही कसली रीत?

शेवटच्या उतरंडीच्या तळाशी हेलिकॉप्टर आलं तेव्हा पावणेदोन वाजले होते. दरीतून ढग वर चढत होता. हे जुनं, सोव्हिएत जमान्यातलं धूड उतरतं तेव्हा बर्फाचा असा काही धुरळा उडतो की हातचं दिसत नाही. म्हणून सगळे घोळका करून, मान खाली घालून बसतात. इशेननं यंत्र हातात धरलं आणि एकेका पाठीवर हात ठेवत घोळक्याभोवती फिरला.

टूं… टूं… टूं…

अकराव्यानंतर हात खाली जायला हवा होता. तो बाराव्या पाठीवर पडला.

टूं.

पाठ गार होती. जाकिटं सगळ्यांचीच गार असतात. ही आतून गार होती.

धुरळा बसला. सगळे उठले. सगळे आत चढले.

आत दोन्ही बाजूंना बाकं. वैमानिक वालेरी पेत्रोविचनं खुर्चीतून मागे वळून बोटानं माणसं मोजली. मग हातातल्या कागदाकडे बघितलं, आणि इंजिनाचा आवाज हळूहळू खाली आला.

"कागदावर बारा आहेत," तो म्हणाला. "बाकावर तेरा."

इशेननं नावं पुकारली. बारा नावं, बारा हुंकार. मग सगळ्यांना हेल्मेट आणि गॉगल काढायला लावले. दंतवैद्य कुरकुरले, पण काढले. त्यानं एका टोकापासून बघत नेलं. हा ओळखीचा. हाही ओळखीचा. हा तर सकाळी दोनदा पडलेला. शेवटाला पोचला तेव्हा आकडा तेरा होता, आणि एकही चेहरा अनोळखी नव्हता.

जो जास्तीचा आहे त्यानं उतरावं, असं वालेरी पेत्रोविच म्हणाला. कोणीच उतरलं नाही. कोणालाच आपण जास्तीचे आहोत असं वाटत नव्हतं. माणसाला ते सहसा वाटत नाही.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. डोंगरखात्याची रेडिओवाली बुरुल-एजे, म्हणजे बुरुलताई, बोलत होती. निरोप इशेनला होता. नुरिलाला दुपारीच दवाखान्यात नेलंय. बाळ आडवं आहे. अपानं सांगितलंय, असशील तसा ये.

ढग आता चाकांपर्यंत आला होता. वालेरी पेत्रोविचनं घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं. त्यानंतर उड्डाण उद्या, आणि उद्याही दिसलं तर.

इशेननं हात जोडले. उड म्हणाला, पाया पडतो, उड. वालेरी पेत्रोविच वाईट माणूस नाही. पण त्याची तीस वर्षं कागदावर गेली होती.

"कागदात नाही ते वजन मी उचलत नाही."

"मग कागदात घालतो," इशेन म्हणाला.

त्यानं कागद ओढून घेतला. तेरावा रकाना. नाव, बापाचं नाव, जन्मवर्ष.

आणि इथे तो अडला.

कारण आमच्याकडे जो माणूस डोंगरावर नाही त्याचं नाव डोंगराच्या यादीत घालत नाहीत. घातलं तर डोंगर ते खरं करतो. म्हणजे जिवंत माणसाचं नाव लिहिता येत नव्हतं. मेलेल्याचं लिहिणं तर त्याहून वाईट, तो बोलावलं असं समजतो. जो जिवंत नाही आणि मेलेलाही नाही, अशाचंच नाव हवं होतं.

असं एकच नाव त्याच्या डोक्यात होतं. सकाळपासून तेवढंच होतं.

लिहिताना पेन अडखळलं नाही, असं तो सांगतो. उलट कोणी हात धरून लिहवून घ्यावं तसं चाललं.

तुर्सुन. बापाचं नाव, इशेन. जन्मवर्ष, चालू.

वालेरी पेत्रोविचनं वाचलं. जन्मवर्ष त्यानं दोनदा वाचलं. मग रकाने भरलेत की नाहीत ते तपासलं. भरले होते.

हेलिकॉप्टर उडालं.

खाली येईपर्यंत टोकाला बसलेला एक दंतवैद्य, लोरेंत्स नावाचा, सारखा सरकत सरकत बाकास-आकेच्या मांडीवर जाऊन बसला. का, ते त्यानं संध्याकाळी तिसऱ्या पेल्यानंतर सांगितलं. शेजारच्याचा चेहरा त्याला आठवत नव्हता. चेहरे तो बघतच नाही. पण इशेन लिहायला लागला तसा शेजारचा हसला होता… आणि तोंडात एकही दात नव्हता. म्हाताऱ्याचं बोळकं नव्हतं ते, लोरेंत्स म्हणाला. बोळकं मी ओळखतो. त्या हिरड्या कोऱ्या होत्या. तिथे दात अजून आलेच नव्हते.

तळावर दार उघडलं. बारा जण उतरले.

इशेन थांबला नाही. बूट न बदलता दवाखान्यात धावला. मुलगा झाला होता. अपा दारातच भेटली. बाळ ठीक आहे, नुरिलाही ठीक आहे. अपाचा चेहरा मात्र ठीक नव्हता.

बाळ रडलं नव्हतं. डोळे उघडे, श्वास चालू, पण आवाज नाही. म्हणून इशेनची वाट न बघता, मुल्ला न बोलावता, अपानंच त्याच्या कानात अजान म्हटली. मग नाव सांगितलं.

"मी तुर्सुन म्हणाले," अपा म्हणाली. "आणि मागून कोणीतरी ओ दिली."

मागे व्हरांडा होता. व्हरांडा रिकामा होता. फरशीवर बर्फाचं पाणी होतं… दोन समांतर रेघांत.

बाळ तासाभरानं रडलं. तब्येत छान आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. कंपनीनं बारा आले असं लिहिलं. पण उड्डाणाचा कागद डोंगरखात्याकडे गेला, आणि त्यावर तेरा चढले होते, बारा उतरले होते. बुरुल-एजेनं नियमाप्रमाणे शोधमोहीम लावली. दोन दिवस माणसं कोक-बेलवर यंत्रं घेऊन फिरली. इशेनलाही जावं लागलं, गाईड म्हणून आणि हरवलेल्याचा बाप म्हणूनही. यंत्र अधूनमधून वाजत होतं. खणलं की थांबत होतं.

मग तुर्सुनची नोंद बेपत्ता म्हणून झाली.

इशेन जन्मनोंदणीला गेला. खिडकीतल्या बाईंनी वही बघितली आणि सांगितलं, याच बापाचा, याच वर्षी जन्मलेला तुर्सुन डोंगरखात्याच्या यादीत बेपत्ता आहे. तो सापडल्याची नोंद झाल्याशिवाय दुसऱ्या तुर्सुनचा दाखला देता येणार नाही.

इशेननं बाळ खिडकीवर ठेवलं. हा बघा, म्हणाला.

बाई म्हणाल्या, हा सापडलेला नाही, हा जन्मलेला आहे. सापडलेल्यानं स्वतः येऊन सही करावी लागते.

दुसरं नाव ठेवून बघितलं नाही असं नाही. दोनदा ठेवलं. दोन्ही वेळा पोरानं दूध सोडलं, आणि नाव परत घेईपर्यंत तोंड उघडलं नाही. तुर्सुन म्हणून हाक मारावी तर पोरगं ढिम्म बसतं, आणि ओ दाराबाहेरून येते. पहिल्या वर्षी आवाज बाळाचा होता. आता जरा मोठा झालाय. नुरिला घरात कोणालाच कोणत्याच नावानं हाक मारत नाही. पोराला काही हवं असेल तर टाळी वाजवते.

इशेननं सगळ्या कचेऱ्या पालथ्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी त्याला दुसरीकडे पाठवलं. शेवटी गेल्या आठवड्यात त्यानं एक अर्ज लिहिला. डोंगरखातं म्हणालं, हा आमच्या अखत्यारीत नाही. नोंदणीवाल्या बाई म्हणाल्या, पत्ता अपुरा आहे. मग तो वालेरी पेत्रोविचच्या हाती देऊन कोक-बेलच्या माथ्यावर दगडाखाली ठेवायला पाठवला. नक्कल आमच्याकडे आहे ती अशी:

"प्रति, तुर्सुन इशेनोविच, रकाना क्रमांक तेरा.

विषय: नाव परत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपणांस देण्यात आलेले नाव हे तातडीच्या प्रसंगी, केवळ उड्डाणापुरते, तात्पुरत्या स्वरूपात देण्यात आले होते. मूळ धारक आता दीड वर्षाचा असून त्यास चार दात आलेले आहेत व तो विनानाव आहे. सबब, आपण कोणत्याही कामकाजाच्या दिवशी, सकाळी नऊ ते बारा या वेळेत, जन्मनोंदणीच्या खिडकी क्रमांक दोनवर समक्ष हजर राहून, आपण सापडल्याची सही करावी व सदर नाव रिकामे करून द्यावे. तसे करणे शक्य नसल्यास, निदान मुलाची आई हाक मारेल तेव्हा आपण ओ देऊ नये, ही विनंती."