दादाचं मशीन मी बंद केलं

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, माझं काही जात नाही. पण माझ्या दुरुस्तीच्या खोलीत मी होतो, वहिनी होत्या. रविवार होता, दुपारचे तीन. लख्ख ऊन. घाबरायची वेळच नव्हती ती.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. गिऱ्हाईक मशीन कसं ठेवतं, त्यावरून त्याचा स्वभाव ओळखतो. माझा दादा मशीन कधीच बंद करायचा नाही, नुसतं झोपवायचा. म्हणजे मध्ये वीज गेली तरी उद्या उठवलं की काम सोडलं तिथूनच पुढे.

"बंद करायचं तर आधी मला विचार," हे त्याचं पालुपद.

दादाला जाऊन दोन वर्षं झाली.

वहिनींना लेकीचे, म्हणजे माझ्या पुतणीचे, लहानपणचे फोटो हवे होते. ते फक्त दादाच्या जुन्या डिस्कवर होते, आणि डिस्क आता टकटक करायला लागलेली. फार दिवसांची सोबती नव्हती ती.

मी दादाच्याच मशीनच्या डब्यात दुसरी डिस्क बसवली, तिच्यावर नवी सिस्टीम टाकली. मशीन लावलं की आता विचारायचं, जुनी की नवी? तीस सेकंदांत निवडा.

नवी निवडली. तिने जुनी डिस्क उघडायला साफ नकार दिला. जुनी सिस्टीम झोपलेली आहे, म्हणाली. आधी तिला उठवा, नीट बंद करा.

मग जुनी निवडली.

आणि... दादाने सोडलेला पडदा जसाच्या तसा समोर आला. अर्धवट यादी.

१. गळका नळ.
२. पोरीचे फोटो दोन ठिकाणी ठेवणे.
३.

तीनपुढे कर्सर लुकलुकत होता.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी घाईघाईने 'बंद करा' दाबलं.

पडदा काळा झाला. टकटक थांबली.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "त्यांना विचारलंत का?"

मी हसलो. हसायला नको होतं.

नवी सिस्टीम लावली. डिस्क उघडली. फोटो उतरायला लागले. कीबोर्ड काढून मी मांडीवर घेतला होता, त्याची वायर लोंबकळत होती.

तेवढ्यात... टिक. टिक. धप्प.

दादा स्पेसबार अंगठ्याने ठोकायचा. आम्ही चिडवायचो, खिळे मारतोयस का म्हणून.

टिक. टिक. धप्प.

वहिनींनी माझ्या हातांकडे पाहिलं. हात स्थिर होते.

फोटो सगळे उतरले, एकही गेला नाही. वहिनी म्हणाल्या, ती यादीही द्या, त्यांचं शेवटचं लिहिलेलं आहे. मी माउसनेच फाइल उघडली.

दोन नंबरपुढे 'झालं' लिहिलं होतं.

आणि खाली...

३. मला बंद कोणी केलं?

फाइलमधल्या शेवटच्या बदलाची वेळ पाहिली. चार मिनिटांपूर्वीची.

मी वायरी उपसल्या. वहिनींनी जुनी डिस्क पिशवीत घातली आणि घरी नेली. फोटो पुतणीला मिळाले.

तो डबा माझ्याकडेच आहे, एकाच डिस्कचा. तरी लावला की विचारतो, जुनी की नवी? डिस्क काढली तरी निवडीच्या पडद्यावर जुनीचं नाव उरतं, त्यात विशेष काही नाही. मी ते नाव तीनदा पुसलंय.

चौथ्यांदा पुसायला गेलो, तर तीस सेकंद उलटे मोजता मोजता अकरावर थांबले. बटण दाबलं की मोजणी थांबते; मी दाबलं नव्हतं.

टिक. टिक. धप्प.

तेव्हापासून मी ते मशीन बंद करत नाही.

नुसतं झोपवतो. तेही विचारून.