सर्व्हरवरची तेजल

गंगापूर रोडवरच्या त्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात प्रत्येकाच्या नावाची एक ब्रांच होती, कामाचा स्वतंत्र कप्पा. काम आधी आपल्या लॅपटॉपवर करायचं, मग पुश मारून सर्व्हरवर चढवायचं. म्हणजे एकाच नावाच्या दोन प्रती, एक जवळची, एक सर्व्हरवरची. नवखे यात हमखास गोंधळतात. तेजल काही नवखी नव्हती.

त्या दिवशी टीम लीड ठरणार होता. ती खुर्ची तेजलला हवी होती, आणि शेजारच्या टेबलावरच्या चैतालीला मिळाली तर आपला जळून कोळसा होणार, हेही तिला ठाऊक होतं.

सकाळीच लीड ठरवणारे जीवनसर आले. "तेजल, पेमेंटचं पान काय झकास केलंयस! लीड तूच, समज."

पेमेंटच्या पानाला तिने हातही लावला नव्हता. तिने सर्व्हर उघडला. तिच्या ब्रांचवर, तिच्याच नावाने, नवंकोरं काम चढलेलं होतं.

"चैताली, माझ्या ब्रांचवर तू पुश केलंस?"

"मी कशाला तुझी हमाली करू गं? काल दिवसभर इथंच बसून तूच तर करत होतीस."

काल तेजल नाशिक रोडला घरी तापाने फणफणली होती.

तिने ते काम वाचलं. कोपऱ्याकोपऱ्यात 'इथे जपून' लिहायची सवय तिचीच. चूक मात्र एकही नाही. तिने घाबरायला हवं होतं, पण झाला जळफळाट. ही सर्व्हरवरची मेली आपल्यापेक्षा हुशार! सर कौतुक करतात ते हिचं, आणि खुर्चीही हिचीच!

पुसूनच टाकते, म्हणाली.

सर्व्हरवरची प्रत काढायची आज्ञा वेगळी, लॅपटॉपवरची वेगळी. रागाच्या भरात तिने एंटर दाबलं आणि मग वाचलं.

लॅपटॉपवरची तेजल गेली होती. सर्व्हरवरची तशीच होती.

"अगं बाई," ती पुटपुटली. कुणी वर पाहिलं नाही.

तेवढ्यात सर्व्हरवर तिच्या नावाने नवी नोंद आली: 'जुनी प्रत गेली. आता गोंधळ नाही.'

"तेजल, लीड झालीस, आता मिसळ कधी?" चैतालीने विचारलं. ती तेजलच्या खांद्यावरून मागे बघत होती.

तेजलने तोंड उघडलं.

"आजच," मागून उत्तर आलं. तिच्याच आवाजात.

भीती वाटायच्या आधी तेजलला एवढंच वाटलं, की मेलीचा आवाजसुद्धा आपल्यापेक्षा गोड आहे.