कूलरचं तोंड

"उशीर केलात. मुलं कधीची येऊन बसलीत!"

असं म्हणत शिवानीनं दारातल्या त्या उंच मुलाला आत घेतलं, त्याच्या खांद्यावरचं सुतळीचं बंडल टेबलावर ठेवायला लावलं आणि त्याला सरळ पोरांसमोर उभं केलं. "हे तुमचे हस्तकलेचे सर. म्हणा, गुड मॉर्निंग!"

पोरांनी हैदराबादच्या जामबागेच्या चौकात ऐकू जाईल असं गुड मॉर्निंग ठोकलं. मुलगा आ वासून बघत राहिला. तो कुठला सर! त्याचं नाव हर्षद. अफझलगंजला त्याच्या वडिलांचं, दत्तोबांचं, सुतळी-दोरखंडाचं दुकान. कलाकेंद्राच्या केशवरावांनी मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी सुतळी मागवली होती, ती टाकून तो परत जाणार होता. हस्तकलेचे खरे सर त्या दिवशी आलेच नाहीत. नंतरही कधी आले नाहीत.

"टीचर, मी..."

"मी शिवानी. चित्रकला माझी, हस्तकला तुमची. आणि पोरांना रागवायचं नाही हं!"

एवढं बोलून ती दुसऱ्या कोपऱ्यात रंग कालवायला निघूनही गेली. खरं सांगायला हर्षदला अडवलं होतं कुणी? पण तिच्या गालावर निळ्या रंगाचा एक फराटा होता, तो तिला ठाऊक नव्हता, आणि त्याच्याकडे बघता बघता बोलायचं राहूनच गेलं. तो मुलांच्या घोळक्यात मांडी घालून बसला. दुकानात बसून बसून सुतळीचे घोडे करायची सवय होती, ती अशी कामाला आली.

केशवराव येऊन सगळा घोळ उघड होईपर्यंत प्रत्येक पोराच्या हातात एक घोडा होता. शिवानीचे कान लाल झाले. पण माघार घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही सांगू दिलं कुठं, टीचर?"

"बरं, सॉरी. उद्यापासून यायची गरज नाही."

"कसं होईल? उद्या उंट आहे," हर्षद गंभीरपणे म्हणाला. "पोरांना जबान दिलीय."

उंटानंतर मोर आला, मोरानंतर झोपाळा... आणि हर्षद सर रोजच येऊ लागले. सकाळी शिबिर, दुपारनंतर दुकान.

"तुमच्या दुकानाचं काय होत असेल हो सकाळचं?" शिवानी विचारायची.

"सुतळीच आहे, नासत नाही. आणि बाबा आहेत की."

मधल्या सुट्टीत तो कोपऱ्यावरच्या इराण्याकडून चहा आणायचा. दोन ग्लास आणि कागदात उस्मानिया बिस्किटं. स्वतःचं बिस्किट तो चहात इतका वेळ धरायचा की ते हमखास बुडायचं. मग तो हळहळायचा, आणि शिवानी हसत आपलं अर्धं त्याला द्यायची. अफझलगंजमध्ये वाढलेल्या माणसाला बिस्किट किती वेळ बुडवायचं हे कळत नसेल का? पण हा प्रश्न शिवानीला पडला नाही.

तसे तिला बरेच प्रश्न पडत नसत. शिवानी दिलसुखनगरची. शाळेत चित्रकला शिकवायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हे शिबिर घ्यायची. वडील दौलत वाघमारे टपाल खात्यात. मुखेडहून हैदराबादला आले आणि लेकीला एकच शिकवलं, मान वर करून चालायचं. ती तशीच चालायची. हॉलमध्ये कूलर एकच होता, चाकांच्या स्टँडवरचा, जुना, आणि त्याची फिरती झडप मोडलेली. म्हणजे तोंड ज्या बाजूला, वारा त्याच बाजूला. पण शिवानी जिथं बसेल तिथं ओल्या वाळ्याचा गार वारा येतोच, असा तिचा अनुभव होता. आपलं नशीबच तसं, असं ती मानत होती.

मग हत्तीचं भांडण झालं.

प्रणिता नावाची एक चिमुरडी होती, पहिलीतून दुसरीत जाणारी. बोलणं निम्मं तेलुगू, निम्मं आपलं. तिनं हत्ती काढला, जांभळा आणि पाच पायांचा. शेवटच्या दिवशी आईबापांसाठी चित्रांचं प्रदर्शन असायचं. पोरीचं हसू नको व्हायला म्हणून हर्षदनं मायेनं, हळूच, पाचव्या पायावर हिरवं गवत रंगवून टाकलं.

"हे कुणी केलं?" शिवानीचा आवाज चढला.

"मीच. हत्तीला चारच पाय असतात, टीचर."

"तिच्या हत्तीला पाच होते! विचारलंस तिला?"

प्रणितानं डोळे पुसत सांगितलं, "एक पाय दुखला की हा कामाला येतो, सार."

हर्षदनं हातातला ब्रश खाली ठेवला. शिवानी मात्र बोलत होती. "मुलांच्या चित्राला हात लावायचा नाही. ते चांगलं करायचं नाही, झाकायचं नाही, प्रदर्शनातून वगळायचं नाही. त्यांना जे दिसलं ते भिंतीवर लागणार. माझ्या शिबिरात हा एकच नियम आहे. कळलं तुला?"

"हौ. कळलं." मग तो जरा थांबून म्हणाला, "टीचर... आता 'तू' म्हणालाच आहात, तर तेच राहू द्या."

ती रागात होती म्हणून हसली नाही. घरी जाताना बसमध्ये मात्र खिडकीकडे तोंड करून चांगली हसली. दुसऱ्या दिवशी हर्षदनं प्रणिताला कोरा कागद दिला, कान पकडून माफी मागितली आणि तिनं पुन्हा काढलेला पाच पायांचा हत्ती स्वतःच्या हातानं चौकटीत बसवला. तो हत्ती बघताना शिवानीला कळून चुकलं, हा माणूस आपल्याला आवडतो. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलं नाही. तिनं रात्री जेवताना आईबाबांना सांगूनही टाकलं. सांगायचं राहिलं होतं ते फक्त त्याला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुलांना विषय दिला, आपलं शिबिर. पोरं माना खाली घालून बसली. मधल्या सुट्टीनंतर शिवानी आणि हर्षद चित्रं गोळा करून जमिनीवर मांडू लागले... आणि शिवानीचा हात थबकला.

एका चित्रात झाड, रंगांच्या बाटल्या, शिवानी टीचर, आणि कूलर ढकलणारे हर्षद सर. दुसऱ्यात टीचर खिडकीपाशी, सर कूलर ओढत तिकडे निघालेले. तिसऱ्यात टीचर टेबलावर चढून काहीतरी टांगतेय आणि सरांनी कूलर चक्क स्टुलावर चढवलाय! प्रत्येक चित्रात सर होते, कूलर होता, आणि कूलरचं तोंड टीचरकडे होतं.

"प्रणिता," शिवानीनं विचारलं, "हे काय गं काढलंय सगळ्यांनी?"

"अय्यो, टीचर! सार रोज फिरवतात ना. तुम्ही उठलात की सार उठतात. चाक कुंई कुंई वाजतं."

तो आवाज शिवानीनं रोज ऐकला होता. पोरं खेळतात असं समजून चालली होती. मुलं घरी गेल्यावर तिनं हर्षदकडे पाहिलं. तो सुतळीची एक गाठ उगाचच सोडवत होता. गाठ साधीच होती.

"खरं आहे?"

"पोरांना जे दिसलं ते..." तो पुटपुटला.

"पोरांचं नाही विचारत. तुझं विचारतेय."

"हौ, खरं आहे." त्यानं वर पाहिलं. "पहिल्या दिवसापासून. गालावर रंग होता तुझ्या. निळा. मला आवडतेस तू शिवानी, लई आवडतेस... आणि मला बिस्किट बुडवता येतं."

"ते मला आत्ता कळलं!" ती खळखळून हसली. "मलाही तू आवडतोस. हत्तीपासून."

ती वेळ किती गोड होती म्हणून सांगू! पण हर्षदचा चेहरा मधेच उतरला.

"शिवानी, उद्या आई येणारेय बघायला. ही कूलरची चित्रं... उद्याच्या दिवस नको लावूया?"

"का?"

"घरी अजून बोललो नाही मी. आमचे लोक जुन्या वळणाचे. तुझं आडनाव ऐकलं की..."

शिवानीची मान खाली गेली नाही.

"माझं आडनाव मी झाकत नाही, हर्षद. चित्रंही झाकणार नाही. एकूण एक लागणार. उद्या तू कुठं उभं राहायचं, ते तू ठरव."

तिनं चित्रं उचलली आणि एकटीनंच ती भिंतीवर लावायला घेतली.

दुसऱ्या दिवशी हॉल आईबापांनी फुलून गेला. गरमीनं जीव नकोसा झालेला, आणि कूलर मागच्या दारापाशी बंद. पाणी संपलं होतं. हर्षदचा पत्ता नव्हता. शिवानी सगळ्यांशी हसून बोलत होती, पण नजर पुनःपुन्हा दाराकडे जात होती. येईल का तो? की दुकानात जाऊन बसला असेल, सुतळी मोजत?

दारातून आल्या त्या जयवंताबाई, हर्षदच्या आई. चेहरेपट्टी तीच, म्हणून शिवानीनं लगेच ओळखलं. पदरानं वारा घेत त्या भिंतीपाशी गेल्या. एक चित्र पाहिलं, दुसरं पाहिलं. मग वाकून तिसरं.

"हे ध्यान आमचं हर्षदच का?"

"हौ, सार आहेत!" प्रणिता टुणकन पुढे आली.

"आन् ही कोण?"

"मी," शिवानी म्हणाली. "नमस्कार. मी शिवानी."

जयवंताबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कुणाची गं तू?"

"दौलत वाघमारेंची. मुखेडचे आम्ही. बौद्ध आहोत." शब्द शांतपणे, एकेक करून आले.

जयवंताबाईंच्या पदराचा वारा थांबला. तेवढ्यात मागून आवाज आला. कुंई... कुंई...

भरलेल्या हॉलमधून, आईबापांच्या गर्दीतून वाट काढत हर्षद कूलर ढकलत येत होता. शर्ट पाण्यानं भिजलेला. मागच्या दारानं येऊन, अंगणातून बादल्या भरभरून त्यानं टाकी भरली होती. त्यानं बटण दाबलं, आईकडे एकदा पाहिलं, आणि सगळ्यांसमोर कूलरचं तोंड शिवानीकडे केलं. पोरांनी एकच कल्ला केला.

"आई, ही शिवानी," तो म्हणाला. तो शिवानीच्याच शेजारी येऊन उभा राहिला. "पोरांनी काढलंय ते सगळं खरं आहे. लग्न करीन तर हिच्याशी."

वाळ्याचा वास हॉलभर पसरला. शिवानीचे केस उडत होते आणि समोर जयवंताबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी लेकाच्या भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं. म्हणाल्या, "घरात आजवर पाण्याचा तांब्या उचलला नाहीस रे मेल्या."

हर्षदनं मान खाली घातली. शिवानी पुढे झाली आणि कूलर त्यांच्याकडे वळवू लागली. त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवून तिला थांबवलं.

"माझ्याकडं एकटीकडं नको. मधी ठेव. दोघींना लागू दे."

मग त्यांनी खुर्ची ओढली, चित्रांच्या भिंतीसमोर ऐसपैस बसल्या आणि लेकाला फर्मावलं, "यातलं एकबी उतरवायचं नाही. तुझे बाबा दुकान बंद करून यायलेत संध्याकाळी. त्यांनाबी बघू दे. आन् जा, चहा आण आम्हाला. बिस्किटंबी."