मोकळी बाजू

चहाच्या कपानं करुणाला तीन आठवडे छळलं.

काचेवर कप टेकवला की टेबलाला वाटायचं, कुणीतरी बोट ठेवलं. कपाखालचा फोटो मोठा व्हायचा. बशी सरकवली की फोटोही तिच्यामागं चालू लागायचा. करुणा प्रत्येक बिघाड वहीत लिहायची: तारीख, वेळ, काय झालं, कशामुळं झालं. शेवटचा रकाना भरल्याशिवाय ती शेडला कुलूप लावत नसे. अखेर काचेखालच्या कॅमेऱ्यांना कपाच्या बुडाचा गोल ओळखायला शिकवलं, तेव्हा कुठं चहा आणि फोटो एका काचेवर सुखानं नांदू लागले.

शेड बारामतीच्या एमआयडीसीत होती, तिची आणि ऋषिराजची भागीदारीतली. दोघं इंजिनिअरिंगला एका वर्गात. ती काटेवाडीहून स्कूटीवर यायची; तो इंदापूरचा, बारामतीत खोली घेऊन राहायचा. आजवर दोघांनी दवाखान्यांची टोकन मशिनं केली होती, दुकानांसाठी टचस्क्रीन बसवले होते. टेबल मात्र करुणाच्या डोक्यातलं. पुतणीचं नाव ठेवायच्या दिवशी सगळं घर जमलं होतं. अकरा माणसं, अकरा फोन, जो तो मान खाली घालून आपल्याच फोनात. तिची आई, ताईबाई, "मला बी दाव की" म्हणत एकाकडून दुसऱ्याकडं फिरत होती. त्या संध्याकाळी करुणानं वहीत पहिलं चित्र काढलं. बैठकीच्या मधोमध ठेवायचं, गुडघ्याएवढ्या उंचीचं, सागवानी चौकटीचं टेबल. चौघांनी चार बाजूंना बसायचं. फोन काचेवर ठेवला की त्यातले फोटो पसरायचे. आवडलेला फोटो बोटानं ओढून समोरच्याच्या फोनावर नेऊन सोडला की त्याच्या फोनात जायचा आणि काचेवर अक्षरं उमटायची, 'पोहोचला'. कुठला हात कुठल्या बाजूनं आला हे कॅमेरे बघायचे आणि प्रत्येकाच्या बोटाखाली वेगळ्या रंगाचं कडं उमटवायचे. करुणाचं हिरवं, ऋषिराजचं निळं.

पहिलं गिऱ्हाईकही चांगलं मिळालं. डाळजजवळ, उजनीच्या पाण्याच्या बाजूला, युवराज आणि सुप्रिया या नवरा-बायकोनं पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी सहा खोल्यांचं निवास बांधलं होतं. सकाळी होडीतून फिरून आलेल्या पाहुण्यांनी नाष्ट्याला एकमेकांना फोटो दाखवावेत म्हणून त्यांना टेबल हवं होतं. तिथं ते गाजलं, की पुढची वाट आपोआप उघडणार होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी सव्वातीनला, दोघं समोरासमोर बसून चाचणी घेत होते. काचेवर करुणाच्या घरचे चारशे फोटो. खिडकीकडची बाजू मोकळी होती. तिथल्या कडेला एक नारिंगी कडं उमटलं, आणि एक फोटो सावकाश तिकडं सरकला.

"ऊन," करुणा म्हणाली.

ऋषिराजनं उठून खिडकीला पोतं लावलं. दुसऱ्या दिवशी, त्याच सुमाराला, कडं पुन्हा आलं. त्यांनी टेबल फिरवलं. करुणा खिडकीच्या बाजूला बसली, तर कडं दाराच्या बाजूनं आलं. जी बाजू मोकळी, तिथून ते यायचं.

तिनं कॅमेऱ्यांचं मूळ चित्रण काढून बघितलं. राखाडी पडद्यावर तिचे हात होते, ऋषिराजचे हात होते, आणि तिसऱ्या बाजूनं एक डावा हात. लांब, बारीक बोटं. मनगट काचेच्या कडेला संपत होतं. त्यात काही वावगं नव्हतं. कॅमेऱ्यांना काचेपलीकडचं दिसतच नाही. एवढंच, की त्या बाजूला कुणी बसलं नव्हतं.

'कशामुळं'चा रकाना त्या दिवशी कोरा राहिला.

पुढचे चार दिवस तिनं नुसतं बघितलं. हात शेतांचे, गाड्यांचे, जेवणाच्या ताटांचे फोटो बाजूला सारायचा. ज्यात माणसं असतील तो फोटो स्वतःकडं वळवून घ्यायचा. मग एकेक चेहरा मोठा करायचा. आधी पुढचे, मग मागचे, मग अगदी कडेला अर्धवट आलेले. प्रत्येकापाशी थोडा थांबायचा. आणि फोटो परत ढकलून द्यायचा.

ऋषिराज खुर्ची मागं घेऊन बसला होता.

"करुणा, हे नुसतं बघतंय, का शोधतंय?"

"प्रोग्रॅममधली चूक आहे. चूक काय शोधणार?"

"टेबल देऊ नकोस."

"कारण?"

"देऊ नकोस, एवढंच." त्यानं हात पुसले. हात कोरडे होते.

तिथून तिच्या मनात संशय शिरला. पुण्याची एक कंपनी ऋषिराजला बोलावत होती, हे तिला दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं. टेबलाचा निम्मा प्रोग्रॅम त्याचा. खोलीत बसून तो टेबल चालवू शकत होता. तिनं त्याला न सांगता टेबल इंटरनेटपासून तोडलं, पासवर्ड बदलला. हात येतच राहिला. म्हणजे यानं आतच काहीतरी पेरून ठेवलंय, असं तिनं धरलं. तो चहा आणायला गेला की ती त्याचा लॅपटॉप उघडून बघायची. तो बोलायला लागला की त्याच्या डोळ्यांकडं बघायची. दहा वर्षांच्या मैत्रीत हे तिनं कधी केलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटायची, पण तिचं बघणं काही थांबलं नाही.

शनिवारी तिला सापडलं. चाचणीच्या फोटोंमधला एक फोटो गायब होता. शेडच्या उद्घाटनाचा, तिचे वडील गंगाराम फीत कापताहेत आणि शेजारी ऋषिराज. त्या ढिगात ऋषिराज असलेला तेवढा एकच फोटो होता. टेबलाच्या नोंदीप्रमाणं त्यानंच तो पुसला होता, हात पहिल्यांदा दिसला त्याच दुपारी, पावणेचारला.

"का पुसलास?"

"माझे फोटो चांगले येत नाहीत."

हे वाक्य ती कॉलेजपासून ऐकत आली होती. सहलीला, लग्नांना, कुठंही फोटो काढायची वेळ आली की हा आपणहून फोन हातात घेऊन समोर उभा राहायचा. काढणारा नेहमी हाच.

"ऋषी, तुला पुण्याला जायचं तर सरळ जा. माझं काम बुडवून जाऊ नकोस."

तो तिच्याकडं बघत राहिला. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं शेडची किल्ली काचेवर ठेवली; मग काय वाटलं कुणास ठाऊक, काचेवरून उचलून तिच्या हातात दिली.

"द्यायचंच असेल तर दे टेबल. पण तुझा फोन त्याच्यावर ठेवू नकोस."

"माझ्या फोनात काय बघायचंय कुणाला?"

बॅग घेऊन तो निघून गेला. त्याच रात्री जेवण झाल्यावर करुणानं रागाच्या भरात फोनातून त्याचं जे काही होतं ते पुसलं. फार काही नव्हतंच.

तिनं अख्खा प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. ऋषिराजची एक ओळ ठेवली नाही. महिना गेला. शेवटची चाचणी तिनं घरच्यांना शेडवर बोलावून घेतली. आई, वडील, भाऊ रविंद्र आणि ती, चार बाजूंना चौघं. चार रंगांची कडी उमटली, पाचवं नाही. ताईबाईनं नातीचा फोटो दोन बोटांनी एवढा मोठा केला, की सगळी हसली. करुणानं वहीत लिहिलं, 'जुन्या प्रोग्रॅममधली चूक. दूर केली.' आणि कोऱ्या राहिलेल्या रकान्यात ऋषिराजचं नाव घातलं.

जानेवारीत टेबल डाळजला गेलं. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुप्रियाचा फोन आला.

"तसं छान चाललंय हो मॅडम. पाहुण्यांना लई आवडतं. पण जरा येऊन जाता का? फोनवर नको सांगायला."

करुणा भिगवणमार्गे गेली. हायवेच्या हॉटेलांतून मासे तळल्याचा वास येत होता. दुपारचे साडेबारा झाले होते, पाहुणे जेवून आपापल्या खोल्यांत गेले होते. हॉलच्या तिन्ही खिडक्या उघड्या होत्या, लांब पाण्यावर ऊन चकाकत होतं. टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. त्यातल्या एका खुर्चीवर घडी घातलेला टॉवेल ठेवला होता, बसमध्ये जागा धरतात तसा.

"हे काय?"

सुप्रियानं कोपऱ्याकडं बघितलं. तिथं तिचे सासरे, गेणबा, दिवाणावर पाय दुमडून बसले होते.

"आमी ठेवलाय," ते म्हणाले. "तितं कुणाला बसू देत न्हाय."

"का आबा?"

"चारी बाजूला माणसं बसली की त्या दिवशी काय होत न्हाय. पर दुसऱ्या दिवशी लई घाईनं फोटू फेकतंय. पावनी भ्यायली हुती. एक खुर्ची मोकळी सोडली की निवांत बघत बसतंय." त्यांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "कुनाला काय करत न्हाय. आपलं काम करतंय."

प्रोग्रॅम तर करुणाचा होता. एकेक ओळ तिची होती.

"माझ्यासमोर चालू करा," ती म्हणाली.

"पाहुण्यांचे फोन नाहीत आत्ता," सुप्रिया म्हणाली. "माझा चार्जिंगला लावलाय."

करुणानं स्वतःचा फोन काढला. ऋषिराजचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि त्याचाच तिला राग आला. तिनं फोन काचेवर ठेवला.

फोटो पसरले. ती हिरव्या कड्यानं दोनचार फोटो इकडंतिकडं करत राहिली. पाच मिनिटं काही झालं नाही. मग टॉवेल ठेवलेल्या खुर्चीसमोर नारिंगी कडं उमटलं.

हात आता सरावलेला होता. फोटो भराभर बाजूला जात होते. काटेवाडीचं घर, पुतणी, उसाचा ट्रॅक्टर, वायरींचे फोटो. माणसांपाशी थांबायचा, चेहरे बघायचा, ढकलायचा. करुणा सेकंद मोजत होती. मोजत राहिलं की भीती जरा लांब राहत होती.

एक फोटो तिला ओळखू येईना.

मग ओळखू आला. त्या सकाळीच कॉलेजच्या ग्रुपवर सोनमनं कुठूनतरी जुना वर्गाचा फोटो टाकला होता. कॉलेजला लागून दहा वर्षं झाली म्हणून. करुणानं तो उघडलाही नव्हता. फोनानं आपणहून उतरवून घेतला होता. कॉलेजच्या पायऱ्यांवर चाळीस-बेचाळीस मुलंमुली.

हातानं तो स्वतःकडं वळवला.

पहिली रांग. एकेक चेहरा. दुसरी रांग. त्यात करुणा होती, दोन वेण्या घातलेली. तिच्यापाशी हात थांबला नाही.

शेवटची रांग. खांबाआड कुणीतरी मान वळवून उभं होतं. अर्धा कान, गाल, एक डोळा.

हात थांबला.

तो गाल मोठा झाला. आणखी मोठा. काचभर एक डोळा झाला.

करुणानं दोन्ही हातांनी फोटो ओढला. हिरवी कडी उमटली, फोटो हलला नाही. तिनं फोनच काचेवरून उचलला. फोन उचलला की त्याचे फोटो नाहीसे होतात. तसं तिनंच लिहिलं होतं. बाकीचे सगळे नाहीसे झाले.

तो एक राहिला.

मग तो लहान होत होत मोकळ्या बाजूच्या कडेला गेला आणि कडेवरून खाली उतरला. काचेवर अक्षरं उमटली.

'पोहोचला.'

"कुणाला पोचला?" सुप्रियानं विचारलं. "तिकडं तर फोनच नाही."

नारिंगी कडं विझलं. कोपऱ्यातून गेणबा उठले, हळूहळू चालत आले आणि खुर्चीवरचा टॉवेल उचलून त्यांनी खांद्यावर टाकला.

"गेलं," ते म्हणाले. "आता बसा कुटं बी."

करुणा अंगणात आली. ऋषिराजचा पुसलेला नंबर तिनं आठवून लावला. दोन महिन्यांत तिनं त्याला एकदाही फोन केला नव्हता. सहाव्या रिंगला त्यानं उचलला.

"बोल," ऋषिराज म्हणाला. आवाज शांत होता, जरा आनंदलेलाही.

"ऋषी, कुठं आहेस तू?"

"इंदापुरात. पुण्याला नाही गेलो. नवी खोली घेतलीय, पत्ता अजून आईलाही सांगितलेला नाही. तूही विचारू नकोस."

"माझं चुकलं. तू काही केलं नव्हतंस. ऐक, मी आत्ता डाळजला आहे, मी टेबलावर—"

"थांब जरा, दारात कुणीतरी आलंय."

"ऋषी, दार उघडू नकोस."

पण फोन त्याच्या कानाशी नव्हता. तिला पावलं ऐकू आली. कडी निघाल्याचा आवाज आला. बाहेरचं माणूस काय बोललं ते तिला ऐकू आलं नाही. कुणी बोललंही नसेल.

"हो, मीच," ऋषिराज म्हणाला. "या ना, आत या."